डेबियन १३ चा क्वांटम-सुरक्षित सर्व्हर: कोल्हापूरच्या पतसंस्था आणि कारखान्यांसाठी परीक्षण

डेबियन १३ ही लिनक्सची आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तिच्यासोबत ओपनएसएसएच १०.० (दुरून सर्व्हरमध्ये शिरायचा प्रोग्रॅम, थोडक्यात एसएसएच) आणि ओपनएसएसएल ३.५ (वेबसाइटची जोडणी कुलूपबंद करणारा) येतात, आणि या परीक्षणाचा खरा विषय ते दोन प्रोग्रॅम आहेत. दोन यंत्रांनी आपापसात गुप्त किल्ली ठरवायची जी पद्धत ते मुळातूनच वापरतात, ती क्वांटम कॉम्प्युटरनेही फोडायचा मार्ग आज कुणाला ठाऊक नाही. या संचाला पैसे पडत नाहीत. शाहूपुरीतल्या पतसंस्थेच्या मुख्य शाखेत किंवा शिरोलीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात जो एखादा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो, त्याच्यावर हा संच चढवावा का, किती काम पडतं आणि काय बिघडतं, ते सविस्तर पाहू.

चढवावा. मात्र क्वांटम कॉम्प्युटर उद्या आपल्या दारात येणार आहे या भीतीने नव्हे.

आधी धोका किती, ते नीट मोजून घेऊ. पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडू शकतो. माहिती कुलूपबंद करायची आरएसए ही पद्धत त्याच अवघडपणावर उभी आहे, आणि लंबवर्तुळी वक्रांवरच्या पद्धतीही त्याच गणिताने मोडतात. प्रत्यक्षात २००१ साली आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी ७ क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक) वापरून १५ चे ३ आणि ५ असे अवयव पाडले. आरएसएच्या नेहमीच्या किल्लीतली संख्या ६१७ अंकी असते. गूगलच्या डिसेंबर २०२४ मधल्या विलो चिपवर १०५ क्यूबिट आहेत. आजची यंत्रं तिथपासून लांब आहेत.

पण अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतंय. २०१९ साली क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा या संशोधकांचा हिशेब होता की २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला २ कोटी क्यूबिट आणि ८ तास लागतील. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब मांडला: १० लाखांहून कमी क्यूबिट, आठवड्याहून कमी वेळ. यंत्र तेवढं मोठं झालेलं नसताना केवळ गणित सुधारून गरज २० पटीने खाली आली. क्वांटम धोक्याचं वेळापत्रक सांगणाऱ्याकडे म्हणूनच सावधपणे बघायला हवं, मग तो ‘पुढच्या वर्षी’ म्हणत असो की ‘आपल्या हयातीत नाही’.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. घर रिकामं करणारा माणूस ४३ ची वाट बघत नाही, कारण सामान हलवायला वेळ लागतो. इथेही तसंच आहे, फक्त एक फरक मोठा आहे. पाणी आज जोत्यापर्यंत आलेलं नसलं तरी आज तारेवरून जाणारी माहिती कुणी साठवून ठेवली, तर ती पुढे कधीतरी वाचता येईल. या हल्ल्याचा पहिला भाग करायला क्वांटम यंत्र लागत नाही. लागते ती साठवणुकीची जागा आणि नेटवर्कच्या मध्यावर कुठेतरी कान.

तेव्हा प्रश्न असा विचारायचा: ही माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी? ओटीपी काही मिनिटांत मरतो, टेंडरची रक्कम पाकीट उघडेपर्यंतच महत्त्वाची असते. सभासदांचं केवायसी मात्र आयुष्यभराचं असतं. पॅन आणि जन्मतारीख माणूस बदलू शकत नाही. हॉस्पिटलच्या नोंदी तशाच. फाउंड्रीत गाडीच्या कास्टिंगचं जे ड्रॉइंग ग्राहक कंपनीने गोपनीयतेचा करार करून दिलेलं असतं, ते मॉडेल बाजारात असेपर्यंत आणि नंतर स्पेअर पार्ट चालतात तोवर जपावं लागतं. मिशेल मॉस्का या संशोधकांनी हे साध्या बेरजेत बसवलं आहे: माहिती गुप्त राहण्याची वर्षं अधिक यंत्रणा बदलायला लागणारी वर्षं, ही बेरीज क्वांटम यंत्र यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त झाली, की उशीर झालेला असतो. केवायसीसाठी पहिला आकडाच इतका मोठा आहे की बेरीज करायचीही गरज नाही.

आता वस्तूकडे वळू. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन नवी मानकं जाहीर केली. त्यातलं किल्ली ठरवण्याचं मानक म्हणजे एफआयपीएस २०३, पद्धतीचं नाव एमएल-केईएम. डेबियन १३ ती एकटी वापरत नाही, तर जुन्या एक्स२५५१९ या पद्धतीच्या जोडीने वापरते. दोन्ही कुलपं एकदम लागतात, आणि माहिती उघडी पडायला दोन्ही तुटावी लागतात. ही जोडी हवीच. एनआयएसटीच्या निवडप्रक्रियेत चौथ्या फेरीपर्यंत टिकलेली एसआयकेई नावाची पद्धत २०२२ साली साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फुटली होती, तीही क्वांटम यंत्राशिवाय. नव्या कुलपावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, हा धडा या दोन्ही प्रोग्रॅमच्या मंडळींनी घेतला आहे, आणि या संचाबद्दल विश्वास वाटण्याचं मोठं कारण तेच आहे.

वजन किती वाढतं? एक्स२५५१९ मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून ६४ बाइट जातात. एमएल-केईएम ७६८ च्या एका किल्लीला ११८४ आणि उत्तराला १०८८ बाइट लागतात, म्हणजे जोडणीमागे सव्वादोन किलोबाइटची भर. ती जोडणी सुरू होताना एकदाच पडते. प्रोसेसरवर ताण जवळपास नाही. ब्रॉडबँडवर वापरणाऱ्याला फरक कळणारही नाही.

बसवण्याचं काम डेबियन १२ वरून यायचं असेल तर एका दुपारचं आहे. डेबियन ११ असेल तर आधी १२ वर या आणि मग १३ वर. मधली पायरी गाळू नका. जुनं ३२ बिटांचं यंत्र असेल तर १३ चा इन्स्टॉलर त्याच्यासाठी येतच नाही, यंत्रच बदलावं लागेल. पतसंस्थेने मार्चएंडला आणि साखर कारखान्याने गळीत हंगामात हे काम काढू नये. सर्व्हर यूपीएसवर हवा, आणि शक्यतो मॉनिटर-कीबोर्ड जोडून समोर बसावं.

क्रम असा. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हिशेबात धरू नये. डेबियन १२ चे राहिलेले सगळे अपडेट आधी पूर्ण करा. दुरून काम करणाऱ्यांसाठी ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण ती गाळली तर अपग्रेड अर्ध्यात असताना एसएसएचची नवी जोडणी नाकारली जाऊ शकते आणि तुम्ही बाहेर अडकता. मग सोर्सेसच्या फाइलमध्ये ‘बुकवर्म’च्या (डेबियन १२ चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (१३ चं नाव) लिहा, बाहेरच्या रिपॉझिटरी तात्पुरत्या बंद करा, एपीटी अपडेट, नंतर नवी पॅकेजेस न आणता एपीटी अपग्रेड, शेवटी एपीटी फुल-अपग्रेड, आणि रीबूट. काही यंत्रांवर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि रीबूटनंतर सर्व्हर नेटवर्कवर दिसत नाही. समोर बसायला सांगितलं ते यासाठीच.

एक खोडी इथे नक्की सांगायला हवी. डेबियन १३ मध्ये टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर डिस्कवरून उचलून रॅममध्ये नेला आहे, आणि त्याला निम्म्या रॅमपर्यंत जागा मिळते. रात्री डेटाबेसचा डंप टीएमपीत काढून मग पेनड्राइव्हवर हलवणारी स्क्रिप्ट अनेक ऑफिसांत असते. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ३ जीबीचा डंप आता अर्ध्यात थांबेल, आणि बॅकअप निघत नाहीये हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. स्क्रिप्टमधला मार्ग डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा, किंवा सिस्टमडीमध्ये टीएमपीचं माउंट मास्क करून जुनी पद्धत परत आणा.

एसएसएचचा भाग या संचात सर्वांत चांगला जमला आहे. काहीही न लिहिता जोडणी एमएलकेईएम७६८एक्स२५५१९ या जोडीवर होते. तपासायला एसएसएचची आज्ञा डॅश व्ही लावून चालवा आणि सुरुवातीच्या ओळींत ‘केक्स अल्गोरिदम’ समोर काय येतं ते वाचा. तिथे नुसतं कर्व्ह२५५१९, म्हणजे एकटी जुनी पद्धत, दिसलं तर कुठेतरी अडलंय. बहुतेक वेळा ते असं अडतं: अपग्रेडच्या मध्ये डेबियन विचारतं की एसएसएचडीची (एसएसएचच्या सर्व्हरच्या बाजूची) कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली आहे, जुनी ठेवू का नवी घेऊ? घाईत माणूस जुनी ठेवतो. त्या फाइलमध्ये पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी सुरक्षा वाढवण्यासाठी म्हणून चिकटवलेली केक्सअल्गोरिदम्सची ओळ असते, तिच्यात नव्या पद्धतीचं नाव नसतं, आणि सगळं नवीन असूनही संरक्षण बंद राहतं. ती ओळ काढून टाका, एसएसएचडी डॅश टी ने फाइल तपासा, एक जोडणी उघडी ठेवूनच सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या खिडकीतून आत येऊन बघा.

समोरचं यंत्रही तयार हवं. विंडोजवर पुटी वापरत असाल तर आवृत्ती ०.८३ किंवा पुढची घ्या. एमएल-केईएम त्या आवृत्तीपासून येतं. उबंटू २४.०४ मधलं ओपनएसएसएच ९.६ दुसरी एक जोडी वापरतं, एसएनटीआरयूपी७६१ आणि एक्स२५५१९ ची. तीही क्वांटमला धरून रचलेली आहे, त्यामुळे ते यंत्र घाईने बदलायला नको.

तुटतं ते जुन्या उपकरणांपाशी. ओपनएसएसएच १०.० ने जुन्या डीएसए किल्ल्या पूर्ण काढल्या आहेत, आणि सर्व्हरच्या बाजूने किल्ली ठरवायचं जुनं डिफी-हेलमनही मुळात बंद ठेवलं आहे. दहा वर्षांपूर्वीचा नॅस (नेटवर्कवरचं साठवणीचं यंत्र) किंवा मशीनशॉपमधलं एखादं डेटा गोळा करणारं यंत्र एवढंच जाणत असेल, तर त्याची जोडणी तुटेल आणि लॉगमध्ये ‘नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड’ अशी ओळ येईल. अशा वेळी पूर्ण सर्व्हरसाठी जुनी पद्धत परत चालू करणारा सल्ला ऐकू नका. त्या यंत्रासाठी वेगळ्या पोर्टवर, फक्त आतल्या नेटवर्ककडे तोंड असलेली दुसरी एसएसएच सर्व्हिस चालवता येते, आणि ते उपकरण बदलेपर्यंत तेवढं पुरतं.

वेबसाइटचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. एनजिनएक्स हा वेबसर्व्हर डेबियनच्याच पॅकेजमधून घेतला आणि टीएलएस १.३ (वेबच्या कुलूपबंद जोडणीची पद्धत) चालू असेल, तर ओपनएसएसएल ३.५ आपणहून एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ पुढे करतं. क्रोमने नोव्हेंबर २०२४ च्या १३१ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने डेस्कटॉपवर १३२ व्या आवृत्तीपासून हे स्वीकारलेलं आहे, म्हणजे सभासदाच्या बाजूने बहुधा तयारी झालेली असते. इथेही जुनी ओळ घात करते: एसएसएल_ईसीडीएच_कर्व्ह समोर कुणी प्राइम२५६व्ही१ लिहून ठेवलं असेल तर नवी पद्धत चालूच होत नाही. ओळ काढा, किंवा नव्या गटाचं नाव तिच्यात पहिलं लिहा. खात्री करायला क्रोममध्ये एफ१२ दाबून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या टॅबमध्ये जोडणीचा तपशील वाचा.

पतसंस्थांची सॉफ्टवेअरं बऱ्याचदा जावावर, टॉमकॅटमध्ये चालतात. जावाचं टीएलएस स्वतःचं असतं, ते ओपनएसएसएलला हात लावत नाही. डेबियन १३ बसवलं म्हणजे तो भाग सुरक्षित झाला, असा समज करून घेऊ नका. टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स ठेवा आणि टीएलएस तिथे संपवा. वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉकरचंही तसंच: कंटेनरच्या आत जे जुनं ओपनएसएसएल असेल तेच चालतं, बाहेरचं नाही.

ऑफिसच्या फायरवॉलपाशी एक अडचण येते, आणि तिचं निदान लवकर होत नाही. ब्राउझरचा पहिला निरोप आधी एका पॅकेटात मावायचा. नव्या किल्लीमुळे तो दीड हजार बाइटच्या पुढे जातो आणि दोन पॅकेटांत फुटतो. काही जुन्या फायरवॉलना पहिल्या पॅकेटातच पूर्ण निरोप मिळेल असं गृहीत धरून बनवलेलं आहे. मग साइट ऑफिसच्या नेटवर्कवर उघडत नाही, आणि त्याच लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट दिला की लगेच उघडते. हे लक्षण दिसलं की सर्व्हर चाळवत बसू नका, फायरवॉलचं फर्मवेअर अपडेट करा. जी फायरवॉल एचटीटीपीएस उघडून तपासते, ती तर जोडणी स्वतःपाशीच तोडून नवी करते. तिला एमएल-केईएम येत नसेल तर तिच्यापुढचा सगळा प्रवास जुन्याच कुलपाने होतो, तुमचा ब्राउझर कितीही नवा असो.

विंडोजवरच्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरपर्यंत हा संच पोचत नाही. तिथे कागलच्या युनिटमधून शहरातल्या ऑफिसात रिमोट डेस्कटॉपने काम चालतं, आणि कित्येक ठिकाणी ३३८९ हे पोर्ट इंटरनेटला थेट उघडं असतं. रॅन्समवेअर याच दाराने येतं, क्वांटम यंत्राची वाट न बघता. उपाय एकच आणि दोन्ही दुखण्यांवर चालतो: पोर्ट बंद करा आणि डेबियनच्या सर्व्हरवर वायरगार्ड (दोन ठिकाणांमधला कुलूपबंद बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावून रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतून न्या. वायरगार्डची मूळ किल्लीपद्धत क्वांटम यंत्रापुढे टिकणारी नाही, पण तिच्यात प्री-शेअर्ड की (आधीच दोन्हीकडे ठेवलेली गुप्त किल्ली) घालायची सोय आहे. डब्ल्यूजी जेनपीएसके या आज्ञेने ३२ बाइटची किल्ली तयार होते, दिसायला ४४ अक्षरांची. दर दोन टोकांमागे वेगळी किल्ली करा. ती दोन्हीकडे तंतोतंत जुळली पाहिजे. एक अक्षर चुकलं तरी हँडशेक पूर्ण होत नाही आणि धड कारणही सांगितलं जात नाही. आणि ही किल्ली ईमेलने पाठवू नका. ज्या वाटेवर कुणी माहिती साठवत असेल अशी आपल्याला शंका आहे, त्याच वाटेने ही किल्ली गेली तर सगळा खटाटोप वाया. कागल शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. पेनड्राइव्ह खिशात घालून माणसाने जावं.

या संचात काय नाही, तेही सांगायला हवं. सह्या जुन्याच आहेत. वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून आरएसए किंवा लंबवर्तुळी वक्राचंच असतं, एसएसएचच्या यजमान किल्ल्याही (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) तशाच. जीएसटीसाठी यूएसबी टोकनमध्ये असणारी डिजिटल सही वेगळीच, आणि ती बदलणं तुमच्या हातात नाही. यात आज काळजीचं कारण मात्र कमी आहे. सही खोटी करायला सही तपासली जाते त्या वेळी क्वांटम यंत्र हाती हवं. आज साठवून उद्या खोटी करण्यात काही लाभ नाही. शिवाय नव्या सह्या जड आहेत: एमएल-डीएसए ६५ या नव्या सहीच्या पद्धतीची एक सही ३३०९ बाइटची, जुनी लंबवर्तुळी सही ६४ बाइटची. एनआयएसटीच्या मसुद्यानुसार २०४८ बिटांची आरएसए २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बंद व्हायची आहे. डेबियन १३ ला दीर्घ मुदतीचा आधार धरून साधारण २०३० पर्यंत अपडेट मिळतील, म्हणजे सह्यांचं काम पुढच्या आवृत्तीवर ढकललं तरी चालेल. डिस्कवरच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन एईएस २५६ असेल तर तेही हलवायला नको. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या क्वांटम शोधपद्धतीने त्याचं बळ फार तर १२८ बिटांवर येतं, आणि तेवढं भरपूर आहे.

‘क्वांटम’ या शब्दाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू येतात आणि त्या एकमेकींच्या जागी खपवल्या जातात. क्वांटम यादृच्छिक अंक देणारं यंत्र चांगले अंक देतं, पण आरएसए वाचवत नाही. प्रकाशकणांवरून किल्ली पाठवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही टोकांना खास उपकरणं आणि त्यांच्यामधला फायबरचा मार्ग लागतो, भारताच्या ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये अशा लांब पल्ल्याच्या संवादाचं काम आहे, आणि ते देशाच्या पातळीवरचंच काम आहे. शाहूपुरी ते राजारामपुरी दोन शाखा जोडायला ते घेऊ नये. तिसरी वस्तू म्हणजे आपण पाहिली ती गणिती पद्धत, आणि ती फुकट आहे. ‘क्वांटम-प्रूफ’ पॅकेज घेऊन कुणी आलं तर त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: कोणती एफआयपीएस मानकं, जोडीने की एकटी, आणि चालू आहे हे आमच्या यंत्रावर कसं तपासायचं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर धनादेश फाडू नका.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी जिथे आग लागते तिथे खर्चा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली ती मालवेअर आणि नकली कार्डांच्या वाटेने. तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातला बॅकअप पुराने एकाच रात्रीत जाऊ शकतो. सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या, बॅकअपची एक प्रत नदीपासून लांबच्या शाखेत ठेवा, लॉगिनला दुसरी खूण लावा, आणि त्याच आठवड्यात डेबियन १३ चढवा. ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

चढवून झाल्यावर एका यंत्रावर ओपनएसएसएच १०.१ किंवा पुढची आवृत्ती जरूर ठेवा. समोरचा सर्व्हर क्वांटम-सुरक्षित किल्ली वापरत नसेल तर ती जोडताक्षणी तसा इशारा छापते. महिनाभर ज्या ज्या सर्व्हरशी जोडता त्यांची नावं लिहून काढा: सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर, होस्टिंगवाला, बॅकअप घेणारा. ती यादी त्यांच्या एएमसीच्या नूतनीकरणाच्या पत्रासोबत पाठवा आणि कोणत्या महिन्यात बदलणार ते लेखी मागा.